दाट तेल

पुंजाजीला अख्ख्या आयुष्यात एकदाच कुणी मानानं बोलावून काम दिलं, आणि तेच त्याच्या हातून मोडलं. आता ह्यात कुणाची चूक काढायची ती तुम्ही काढा. मला विचाराल तर मी उन्हाला शिव्या देईन, कारण ऊन उलटून बोलत नाही.

त्र्याहत्तरच्या वैशाखातली गोष्ट. आदल्या साली पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. किन्हीराजाच्या अलीकडे दोन कोसांवर असलेल्या त्या लहानशा गावात नाल्याची वाळू उकरून उकरून बायांची नखं झिजली होती. जिवंत विहीर एकच, पंजाबराव पाटलाची. बौद्धवाड्यातल्या बाया तिच्या कट्ट्यापासून लांब घागरी मांडून बसायच्या. वरच्या आळीतल्या एखादीच्या मनात आलं तर ती वरून ओतायची, नाही आलं तर बसा भाजत. छप्पन साली वाड्यानं धर्म बदलला, घरातले देव नाल्यात सोडले, पण विहिरीला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

पुंजाजीची सून अंजना रोज तिथं बसायची. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, हिला सातवा महिना. घरी येऊन ती रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या, कण्या शिजवायची, त्याही अर्ध्याअधिक पाणीच. वरचं पातळ स्वतः प्यायची आणि बुडाचं दाट सासऱ्याच्या जरमनच्या ताटलीत घालायची.

"अवो, तू खा थे दाट. तू दोन जिवांची हायेस," पुंजाजी म्हणायचा.

"खा जी मामाजी, मले पातळच गोड लागते," ती म्हणायची. खोटारडी! पण असं खोटं बोलणारी सून मिळायलाही नशीब लागतं.

अशात सरकारनं बोअरची गाडी पाठवली. जमिनीखालचं पाणी शोधणारा साहेब गावभर फिरला आणि नेमका बौद्धवाड्यातल्या लिंबाखाली दगड ठेवून म्हणाला, "इथं मारा." पाटलाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. वाड्यातल्या बायांनी तर त्या दगडाला दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही.

गाडीमागं हवा कोंडणारं एक अजस्र इंजन होतं. त्याच हवेच्या जोरावर खालचा हातोडा खडक फोडायचा. इंजनाच्या कुशीला गोगलगायीसारखा एक बिडाचा डबा होता आणि तो अशी शिट्टी घालायचा की म्हाताऱ्यांच्या कानात दडे बसायचे. हे इंजन सांभाळायचा धरमसिंग, पंजाबकडचा, भला थोरला गडी. पुंजाजीनं त्याला पहिल्याच दिवशी गाठलं. पुंजाजीनं शेलूबाजारच्या कापसाच्या जिनात वीस वर्षं डिझेल इंजनावर काढलेली, त्यामुळे इंजन दिसलं की त्याला राहवायचं नाही.

"ये टर्बो है," धरमसिंग त्या गोगलगायीवर थाप मारून म्हणाला. "धुएँ के ज़ोर पे घूमता है, इंजन को हवा पिलाता है। इसके नखरे बहुत। हर कोई तेल नहीं चलता इसको।"

तिसऱ्या दिवशी धरमसिंगलाच ऊन लागलं. उलट्या झाल्या, अंग तव्यासारखं तापलं. साहेबानं त्याला मालेगावच्या दवाखान्यात न्यायला जीपमध्ये घातलं आणि घड्याळात पाहिलं. "उद्या संध्याकाळी गाडी रिठदला जाणार. तोवर लागलं पाणी तर लागलं. इंजन बघणारं आहे का इथं कुणी?"

सगळा वाडा एका सुरात म्हणाला, "आमचा पुंजाजी हाय नं!"

बघा, पन्नाशी उलटलेला माणूस, पण लग्नातल्या नवरदेवासारखा लाजला. साहेबानं त्याच्या हातात इंजनाची चावी दिली, आणि ती हातावर टेकवून दिली, वरून टाकली नाही. पाटील लिंबापलीकडून पाहत होता. जीपमधून धरमसिंग पुटपुटला, "तेल... लाल पीपे का ही डालना. दूसरा नहीं." मग त्याचे डोळे मिटले.

जीप गेल्यावर पुंजाजीनं तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल काळं ठिक्कर! भोकापाशी उभा राहून हातोडा चालवणारा रतनसिंग म्हणाला, तेल तर परवाच बदललंय. परवा घातलेलं तेल आज काजळ? जिनात तेल काळं झालं की शेटजी ओरडायचे, बदल, नाहीतर इंजन खाईल. मग त्यानं लाल पिंपातलं कोरं तेल तळहातावर घेतलं. ते बोटांतून वाहूनच गेलं. चिमटीत धरलं तर तारही धरेना.

"हे तेल हाय का रॉकेल बे?" तो स्वतःशीच म्हणाला.

दाट ते चांगलं, हे पुंजाजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दाट वरण लग्नात मिळतं, पातळ रोज. दाट दूध पाटलाच्या घरी, आपल्याकडं चहाला निवळी. ज्यानं जन्मभर पातळच प्यायलं त्याला पातळाचा भरवसा कसा वाटावा? त्याला वाटलं, सरकारी माल हाय, कुणीतरी मधीच रॉकेल मिसळलं. आणि धरमसिंग? ऊन लागलेला माणूस, बरळला असेल. शिवाय एक भीती होती. इंजन आपल्या वाड्यात, आपल्या हातात बिघडलं तर गाव काय म्हणेल? ते भोगून झालेलं होतं, त्याला सांगायला नको.

लाल पिंपातलं थोडं तेल शिशीत घेऊन, एक ट्रक थांबवून तो शेलूबाजारला गेला. तिथं चांदचं तेलाचं दुकान होतं. जिनाच्या काळापासूनची ओळख. शिशीतलं तेल चांदनं चिमटीत धरलं, वास घेतला, आणि नाक मुरडलं.

"पुंजाजीभौ, हे तर पानी हाय पानी! असं तेल मी सायकलीच्या चेनले नाई देत."

"मंग कोनतं टाकू? इंजन लय तापते. वरून थो टर्बो."

"तापते म्हनूनच तर दाट पायजे. अख्ख्या लाइनीवरचे ट्रकवाले हेच नेतात." चांदनं दोन मोठे डबे पुढं सरकवले. मधासारखं सोनेरी तेल, पळीला तार धरणारं. पुंजाजीनं खिशात हात घातला तर चांद खेकसलाच, "बह्याड झाला का? पान्याचं काम हाय. लतीफा म्हनल, बौद्धवाड्याच्या पान्याचे पैसे घेतले, अन् घरात घेनार नाई मले." लतीफा म्हणजे त्याची बायको. सगळेच भले लोक होते हो, हाच तर वांधा आहे.

सांजेला पुंजाजीनं इंजनाचं सगळं काळं तेल बाभळीच्या बुडाशी सोडलं आणि सोनेरी तेल भरलं. सकाळी चावी फिरवली. इंजनाचा आवाज जड, गोल आला, पोटभर जेवलेल्या माणसासारखा. रतनसिंगनंही मान डोलावली. पुंजाजी छाती काढून वाड्याकडं वळला. "पाह्यलं? आता कसं बोलून राह्यलं!"

दुपारपर्यंत भोकातून पांढरा फुफाटा उडत होता. मग तो राखाडी झाला, मग काळपट. जेवणापुरतं इंजन थांबवलं, परत लावलं. थोड्या वेळानं अंजना एकदम ओरडली, "मामाजी, पाहा वो!" तिच्या गालावर गारा उडाला होता. कोरडी धूळ नाही, ओला गारा! ती गाल पुसेना. म्हातारी रुपाबाई तर भोकाजवळ बसून तो चिखल तोंडाला फासत सुटली, हसत सुटली, रडत सुटली.

आणि शिट्टी बदलली. पुंजाजीच्या कानाला ते आधी कळलं. गोगलगाय चिरकली, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, आणि गप्प झाली. धुराड्यातून निळा धूर लोटला. इंजन धापा टाकू लागलं, हवेचा जोर बसला, खाली हातोडा दगडात अडकून राहिला. पुंजाजी चावीकडं धावला, पण बंद करायला तिथं काही चालू उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धरमसिंग आला, भिंतीला धरून चालत. त्यानं गोगलगायीचा डबा उघडला. आतला दांडा जळून काळा पडला होता, तेलाचा कोळसा होऊन त्याला चिकटला होता. त्यानं चिमटीत दाट तेल धरलं आणि पुंजाजीकडं पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पहलेवाला क्यों निकाला?"

"काळं झालं होतं जी. अन् पातळ."

"अरे बाबा," धरमसिंग खाली बसला. "वो तेल इंजन का मैल अपने पेट में लेता है, इसलिए काला होता है। वही उसका काम है। और पतला है, तभी तो भाग के यहाँ तक पहुँचता है।"

पुंजाजी लिंबाला टेकून उभा राहिला. त्याच्या बापानं, आज्यानं या गावची मेलेली ढोरं ओढली होती, आणि त्याच घाणीपायी गावानं त्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं. आणि आपण काय केलं? काळं दिसलं म्हणून बाभळीखाली ओतून आलो. त्याला आपल्या हातांची किळस आली.

मोडलेलं इंजन ओढायला दुसरी गाडी आली. हातोडा निघाला नाही, भोकातच राहिला. पुंजाजी साहेबाच्या पायापर्यंत वाकला, "साहेब, ओल लागली होती जी. दुसरं इंजन आनून थोडंसंच..." साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाबा, तालुकाभर गावं वाट बघतायत. या गावचा नंबर झाला." पाटील एवढंच बोलला, आणि बोलला तेही हसत, "इंजन सांभाळता आलं नाई, पानी काय सांभाळलं असतं!" वाड्यातल्या कुणी पुंजाजीला बोल लावला नाही. फक्त त्याच्याशी बोलणं सोडलं.

दोन दिवसांनी अंजना विहिरीवरून सांजेला परतली ती रिकामी घागर घेऊन.

"काहून वो?" पुंजाजीनं विचारलं.

"कोनी ओतलं नाई. म्हनल्या, तुमच्या वाड्यात तर आता बोअर झाली नं? मंग इथं कायले येता?"

तिनं घागर पालथी घातली, भिंतीला धरून खाली बसली, दम खाल्ला. मग रांजण वाकडा करून होतं नव्हतं ते तळाचं पाणी घेतलं आणि कण्या शिजवल्या. आज पाणीच पुरलं नव्हतं. कण्या अशा घट्ट झाल्या की पळी उभी राहावी. तिनं ताटली त्याच्यापुढं ठेवली.

"खा जी मामाजी. आज दाट हाय."

पुंजाजीनं ताटलीकडं पाहिलं.

"थोडं पानी घाल, माय. पातळ कर."

अंजनानं पालथ्या घागरीकडं पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं. मग पुंजाजीनं ते दाटच खाल्लं, एकेक घास गिळत, सगळं.