खिंडीपलीकडचा आकडा

दार बाहेर उघडणारं आणि बाहेर बर्फाचा ढीग. रुमेनाने खांदा लावला, पाठ लावली, शेवटी दाराला दोन शिव्या हासडल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर उतरली. बावन्नाव्या वर्षी बाईमाणसाने खिडकीतून उतरणं काही बरं दिसत नाही. पण त्या सकाळी येलित्सा गावात बघायला होतं कोण? तशी त्या खिडकीतून पूर्वी एक जण ये-जा करायचा, पण त्याचं नाव त्या घरात आता कोणी काढत नव्हतं.

खाली पाय टेकले तेव्हा बर्फ कमरेच्या वर आला. ती तिथेच उभी राहून हसायला लागली. जानेवारी कोरडा गेला होता, अर्धा फेब्रुवारी कोरडा गेला होता, आणि आता दक्षिणेच्या वाऱ्याने एका रात्रीत सगळी कसर भरून काढली होती.

स्कीवाल्यांना खुर्च्यांतून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खालच्या ठाण्यामागे बर्फाची मोजकाठी रोवलेली आहे. ती किरोने रोवली, रुमेनाच्या नवऱ्याने. लिफ्टचे खांब उभे करणाऱ्या टोळीत तो होता. काठीवरच्या लाल-काळ्या खुणाही त्यानेच रंगवल्या. किरो जाऊन नऊ वर्षं झाली, खुणा अजून स्वच्छ दिसतात. रुमेनाने हातमोज्याने काठी पुसली, वाकून वाचलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा वाचलं.

एकशे दहा.

रोज सकाळी हा सेंटीमीटरचा आकडा ती जिल्ह्याच्या रेडिओला फोनवर सांगते. आता लपवायचं कशाला, काठीवरचा आकडा आणि रेडिओवरचा आकडा यांची आमच्याकडे कधी गाठच पडत नसे. काठीवर वीस असले की लिफ्टचा मालक स्पास म्हणायचा, "चाळीस म्हण बाई, कोणी विचारलं तर रात्री वारा आला म्हणू." रुमेना चाळीस म्हणायची. लगेच खिंडीपलीकडच्या ओस्त्रेशच्या लिफ्टवरून लोझानचा फोन जायचा, "आमच्याकडे पंचेचाळीस." तिने साठ म्हटलं की त्याचे पासष्ट. लोझान म्हणजे रुमेनाचा धाकटा दीर. शहरातले लोक न्याहारी करता करता हसायचे, "लागली दीर-भावजयीची बोली!" आणि जो तो ऐकलेला आकडा निम्मा करून मोकळा व्हायचा. डोंगरातला सेंटीमीटर अर्ध्या मापाचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

एरवी त्या दोघांत नऊ वर्षं शब्द नव्हता. किरोच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, शिजवलेले गहू वाटता वाटता, रुमेना चारचौघांत म्हणाली होती, "भावाची लिफ्ट सोडून परक्याच्या दारात चाकरीला गेलास. माती तरी वाळू द्यायची होतीस." लोझानने हातातली वाटी खाली ठेवली आणि तो उठून गेला. त्यानंतर त्याने खिंड ओलांडली नाही.

आणि यंदा लिफ्टवरच गदा आली होती. सोमवारी स्पासने त्याच्या खानावळीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "या शनिवारी खुर्च्या रिकाम्या वर गेल्या तर संपलं. लिफ्ट उतरवून विकणार. मी काय चिमण्यांना फिरवू?" तो बोलताना कोणाकडे बघत नव्हता, म्हणजे खरंच बोलत होता. लिफ्ट गेली तर पाठोपाठ बस जाईल, बस गेली तर शाळा जाईल, आणि मग येलित्सात उरतील म्हातारी माणसं आणि त्यांची मांजरं. रुमेना त्या रात्री काही जेवली नाही. किरोने खांद्यावरून वाहिलेलं लोखंड कोणीतरी ट्रकमध्ये घालून नेणार, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

म्हणून त्या शुक्रवारी सकाळी फोन उचलण्याआधी तिने आकडा स्वतःशी पुन्हा एकदा म्हटला.

"येलित्सा," ती म्हणाली. "एकशे दहा."

रेडिओवरची त्सोन्का खळखळून हसली. "रुमेनाताई, आज भारीच उठलात! म्हणजे आम्ही पंचावन्न समजू ना?"

"समजू नकोस. काठीवर वाचून आले आत्ता."

"रोज काठीवरच वाचता की!"

रुमेनाची कानशिलं तापली. बोलणं थेट रेडिओवर जात होतं, सगळा जिल्हा ऐकत होता.

"रोज वाढवून सांगतो आम्ही," ती म्हणाली. "मीही सांगते, पलीकडचाही सांगतो. आज नाही. माझ्या किरोची शपथ आहे."

त्सोन्काचं हसणं थांबलं. मग तिने घाईघाईने गाणं लावलं. रुमेनापाठोपाठ रोज लोझानचा आकडा यायचा. त्या दिवशी तो आलाच नाही. आम्ही म्हटलं, एकशे दहाच्या वर काय सांगावं याचा विचार करत बसला असेल बिचारा.

दुपारपर्यंत स्पासकडे खोलीसाठी एकही फोन आला नाही. एक आला, तो दुधवाल्याचा. गाडी वर चढत नाही म्हणून.

रुमेना लिफ्टची तिकिटं विकायची; स्पास तरातरा तिच्या तिकीटखिडकीशी आला. "दोन मीटर सांग."

"काय?"

"अगं, निम्मं करतात ना? मग दोन मीटर वीस सांग. निम्मं करतील, बरोबर एकशे दहा होतील. म्हणजे खोटंही नाही!"

एरवी रुमेना पोट धरून हसली असती. तो खूश होऊन तिच्याकडे बघत होता, आणि खरं म्हणजे हिशेब चुकीचा नव्हताच.

"नवऱ्याची शपथ घेतलीय मी, स्पास. आता बर्फ वाढवायला ढगांना सांग."

"शपथेने खुर्च्या भरत नाहीत."

"नाही भरत," ती म्हणाली आणि तिने खिडकीची काच ओढून घेतली.

तो गेल्यावर ती बराच वेळ हातावर हात ठेवून बसली. लांडगा आला, लांडगा आला म्हणत इतकी वर्षं काढली; आता लांडगा दारात बसलाय आणि काठी घेऊन कोणी येत नाही. दुसऱ्या कोणाला दोष द्यायला जागा नव्हती. तिला रडू आलं, ते तिने तिकिटांच्या गठ्ठ्यावर पडू दिलं नाही, इतकंच.

चारच्या सुमारास ती पुन्हा मोजकाठीपाशी गेली तेव्हा थबकली. वरच्या खिंडीकडून स्कीच्या दोन रेघा आल्या होत्या, थेट काठीपर्यंत. काठीभोवतीचा बर्फ तुडवलेला, शेजारी कोणीतरी आपली स्कीची काठी खुपसून केलेलं खोल भोक. आणि रेघा परत वर गेलेल्या. कोणीतरी तिचा आकडा तपासून गेलं होतं.

स्पासने माणूस धाडला, तिला वाटलं. इतकी वर्षं त्याच्यासाठी खोटं बोलले, आणि आज खरं बोलले तर माझ्यावर पहारा! तिने ते भोक पायाने बुजवलं.

संध्याकाळी सहाच्या बातम्यांना अख्खं गाव खानावळीत जमलं होतं. चुलीवर घेवड्याचं सार होतं, पण वाडग्यात चमचा कोणी घालत नव्हतं. रुमेना दाराजवळच्या बाकावर बसली, स्पासपासून लांब. हवामान झालं आणि त्सोन्का म्हणाली, "सकाळी ओस्त्रेशचा आकडा राहिला होता. लोझानकाका फोनवर आहेत."

"घ्या," स्पास पुटपुटला. "एकशे पंधरा."

रेडिओत खरखर झाली. मग लोझानचा आवाज आला, किरोसारखाच, जरा घशातून येणारा.

"ओस्त्रेश. चार."

"एकशे चार?" त्सोन्काने विचारलं.

"चार. नुसते चार. आमच्याकडे वारा आला, बर्फ नाही. गवत दिसतंय." तो थांबला. मागे कोणीतरी त्याच्यावर ओरडत होतं, तेही ऐकू आलं. "ज्यांना स्की करायची असेल त्यांनी येलित्साला जा. तिथे एकशे दहा आहे. मी आज खिंड चढून गेलो, माझ्या हाताने मोजून आलो. वहिनी खरं बोलतेय."

फोन बंद झाला. पोस्टातली म्हातारी गेन्का छातीवर क्रुसाची खूण करत म्हणाली, "अगो बाई, खिंड ओलांडली त्याने." स्पास काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. तो घेऊन ठेवतो न ठेवतो तर पुन्हा वाजला. तिसऱ्या फोनला स्पासने तिसऱ्यांदा सांगितलं की हो हो, गरम पाणी आहे. गरम पाणी नव्हतं; एक मुलगा धावत बंब पेटवायला गेला.

रुमेना उठून बाहेर आली आणि अंधारात खिंडीकडे बघत उभी राहिली. तिथे काही दिसत नव्हतं.

शनिवारी सकाळी बर्फ दबला होता. काठीवर शहाण्णव होते, तिने रेडिओवर शहाण्णव सांगितले. शेजारी उभ्या स्पासने तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं. तोवर खालच्या वळणापर्यंत गाड्यांची रांग लागली होती, आणि वर जाणाऱ्या एकाही खुर्चीत जागा नव्हती. लिफ्टचं चाक कुरकुरत होतं. किरो असता तर तेल घालायला धावला असता.

"एक तिकीट, वहिनी."

तिने मान वर केली नाही. हात मात्र तिकिटांच्या गठ्ठ्यावर थांबला.

"ओस्त्रेशवाल्यांना कामं नाहीत वाटतं?"

"गवतावर कसलं काम? मालक म्हणाला, इतकं येलित्सा आवडतं तर तिकडेच जा."

आता तिने पाहिलं. दाढी पांढरी झाली होती. टोपी तीच, किरोची, कान झाकणारी.

"मी काय तुझ्या कौतुकापोटी नव्हतो आलो काल," लोझान म्हणाला. "भावाची शपथ घेतलीस म्हणून आलो. खोटी सापडली असतीस तर रेडिओवरच वाभाडे काढणार होतो."

"मग? भरले ना एकशे दहा?"

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"एकशे तेरा."

"काय?"

"दुपारपर्यंत आणखी पडला होता थोडा. मी गेलो तेव्हा एकशे तेरा होता." तो मागच्या रांगेकडे पाहत म्हणाला. "पण म्हटलं, एक दिवस तरी तुझ्या वरचा आकडा सांगायचा नाही."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, घरच्या गप्पा घरी मारा! लिफ्ट चालू आहे ना?"

"चालू आहे!" ती त्याच्यावर खेकसली. "थांबा जरा. नऊ वर्षं थांबलेत लोक."

तिने एक तिकीट फाडून काचेखालून सरकवलं. लोझान खिशात हात घालू लागला तेव्हा तिने त्याच्या बोटांवर हलकेच चापट मारली.

"संध्याकाळी जेवायला ये, भावजी. चीज घालून बानित्सा भाजते. फक्त दारापुढचा बर्फ काढायला मला सवड मिळालेली नाही अजून. खिडकीतून यावं लागेल."

लोझानने तिकीट टोपीत खोचलं.

"दारातून कधी आलो होतो मी?" तो म्हणाला आणि लिफ्टच्या रांगेत जाऊन उभा राहिला.