दाराचं बटण

आमच्या मुलीला मी भोंगा म्हणतो. पाळण्यात असताना ती रडायला लागली की चार घरांपलीकडची माणसं डोकावून जायची. मी बस चालवतो, मला दुसरं नाव कुठून सुचणार? भोंगा आता कॉलेजात आहे. आवाज काही कमी झालेला नाही.

गेल्या महिन्यापासून ती मोर्चांना जाते. नोकरभरतीच्या परीक्षा झाल्या, निकाल लागलेच नाहीत, आणि आता त्याच जागांवर कंत्राटी माणसं घ्यायची ठरलंय, म्हणून ही पोरं रस्त्यावर. परवा तिच्या वर्गातल्या काही मुलांना पोलिसांनी धरून शहराबाहेरच्या मैदानात नेऊन ठेवलं. त्या दिवशी जेवताना मी तिला म्हटलं, "तुला काय मिळतं गं तिथे? ऊन खायला जातेस की मार खायला?"

ती काही बोलणार तेवढ्यात डेपोतून साहेबांचा फोन आला. उद्या गाडी पोलिसांना द्यायची होती. मी तोंडातला घास कसाबसा गिळला, "हो साहेब, हो साहेब" म्हणालो आणि फोन ठेवला.

"हे," भोंगा म्हणाली.

"हे काय?"

"फोनवर तू त्यांना दिसत नाहीस, बाबा. तरी उठून उभा राहतोस. भरल्या ताटावरून. मी लहानपणापासून बघतेय. मला कुणापुढे असं उभं राहायचं नाही, म्हणून जाते."

मी खरोखरच उभा होतो. खाली बसलो. मला राग आला, आणि माझा राग असा आहे की कुणी खरं बोललं तरच येतो. "याच 'हो साहेब'वर तुझं शिक्षण झालंय," असं सगळे बाप म्हणतात ते मीही म्हणालो. माझं कंत्राट दरवर्षी नवं होतं. साहेबांनी एक सही केली नाही की मी घरी. हे तिला माहीत आहे. तिच्या आईने "जेवा आता मुकाट्याने" म्हणून विषय संपवला. उद्याची गाडी कशासाठी हवी आहे, ते मी घरात सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात बस उभी केली आणि पोलीस पोरांना आत चढवू लागले. सहाव्या की सातव्या नंबरला आमची भोंगा. पायरीवर तिने मला पाहिलं आणि क्षणभर थांबली. मग विजेच्या खांबाकडे बघावं तसं माझ्याकडे बघून सरळ पुढे गेली आणि दुसऱ्या सीटवर बसली. माझ्या ध्यानात आलं. ड्रायव्हरचीच मुलगी मोर्चात सापडली, हे डेपोत कळलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

बस गच्च भरली. खिडक्यांना जाळी, आत नुसती उकड. एका मुलाचं कोपर सोललेलं, तरी तो मला विचारतो, "काका, तिकीट किती?" सगळी हसली. मलाही हसू येत होतं, पण पुढे माझ्याशेजारी हवालदार उभा होता.

मला एकच घोर लागला होता. मैदानात नेलं की नावं लिहून घेतात आणि केस टाकतात. एकदा केस पडली की चौकशीत अडकून पुढे कुठलीच नोकरी लागत नाही. पोरगी नोकरीसाठी भांडत होती आणि मीच तिला तिथे घेऊन चाललो होतो.

पुलाच्या तोंडाशी गाड्या तुंबल्या. पुढचा हवालदार रस्ता मोकळा करायला खाली उतरला. "दार लाव," म्हणाला. मी लावलं. दुसरा हवालदार पार मागच्या दाराशी होता आणि मधे पोरांची गर्दी. डावीकडे बाजाराची गल्ली, माणसांनी भरलेली. दोन उड्या मारल्या की भोंगा गर्दीत दिसेनाशी झाली असती.

मी बटण दाबलं. फुस्स करून दार उघडलं.

आरशातून मी तिला डोळ्यांनी खुणावलं. ती हलली नाही. कुणीच हललं नाही. कोपर सोललेल्या मुलाने दाराकडे पाहिलं, मग इतरांकडे, आणि तो पुन्हा मागे टेकून बसला.

"ड्रायव्हरकाका," भोंगा म्हणाली, "दार लावा. धूळ येतेय."

"उतरा की," मी हळूच म्हणालो.

"आमची मुलं कालपासून तिथे आहेत, काका. आम्ही पळालो तर त्यांनी कुणाकडे बघायचं?"

मागून हवालदार ओरडला. मी दार लावलं. ही पोरं मनात आणतील तर उतरू शकत होती आणि उतरत नव्हती. मला मात्र सीटवरून उठायची सोय नव्हती, ना त्या दिवशी, ना इतक्या वर्षांत कधी. मला त्यांचा हेवा वाटला. स्वतःच्या लेकीचा हेवा वाटणं फार वाईट असतं.

मैदानात गाडी लावली. पोरं एकेक करून उतरू लागली. मागच्या हवालदाराने अधिकाऱ्याच्या कानावर घातलंच. अधिकारी माझ्या खिडकीशी आला.

"मधेच दार कसं काय उघडलं?"

"मी उघडलं" एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. मग डेपो आठवला, साहेब आठवले, घर आठवलं.

भोंगा पायरीवर थांबली होती. ती वळली. हात सरळ खाली सोडले, मान थोडी झुकवली आणि ताठ उभी राहिली. फोन आला की मी राहतो, अगदी तशी.

"साहेब, दार बिघडलंय," ती म्हणाली. "आपोआप उघडतं. या काकांनी लगेच लावलं."

"नक्की?"

"हो साहेब."

आमच्या भोंग्याचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. त्यापेक्षा तिने मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अधिकारी माझ्याकडे वळला. "काय रे, बिघडलंय का?"

"हो साहेब," मी म्हणालो.

ती खाली उतरली आणि मागे न बघता बाकीच्या पोरांमध्ये जाऊन बसली.

"जा, दुरुस्त करून घे आधी," अधिकारी म्हणाला.

मी बटण दाबलं. दार कुठेही न अडकता, नीट बंद झालं.