ओरडायचा दिवस

फोन होल्डवर ठेवल्यावर जे संगीत वाजतं ते मुंगीच्या आईला आता तोंडपाठ झालं होतं. दातांच्या लॅबमध्ये कवळीचे दात मेणात बसवता बसवता ती तेच गुणगुणायची. शेजारच्या टेबलावरचा कारागीर वैतागून म्हणायचा, "ताई, दुसरं काहीतरी लावा की!" दुसरं कुठून लावणार? एका थेरपी केंद्रात दोन वर्षांची प्रतीक्षा यादी. दुसऱ्यात यादीच बंद, म्हणजे रांगेत उभं राहण्यासाठी वेगळी रांग. तिसऱ्या केंद्रातल्या बाईने सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली, मुलीचं वय विचारलं आणि म्हणाली, "आम्ही पाच वर्षांपर्यंतचीच मुलं घेतो. आधी का नाही आलात?" आधी ती पहिल्या केंद्राच्या यादीत होती. हे सांगून काही उपयोग नव्हता, तरी तिने सांगितलं. चांगलं आवाज चढवून सांगितलं, फोन आपटला आणि त्याच तिरीमिरीत एका गिऱ्हाइकाचा सुळा उलटा बसवून टाकला.

मुंगी म्हणजे तिची सहा वर्षांची लेक. खोलीच्या मधून ती कधी चालायची नाही, सदा भिंतीच्या कडेकडेने, म्हणून बापाने हे नाव पाडलं. मुंगीला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी सांगून बराच काळ लोटला होता. बोलायची नाही. मिक्सर, प्रेशर कुकर, शेजाऱ्यांचं ड्रिल, कुठलाही मोठा आवाज झाला की किंचाळायला लागायची, आणि मग घरातल्या घड्याळाला काही अर्थ उरायचा नाही. त्यासाठी तिच्या गळ्यात कायम आवाज अडवणारे निळे हेडफोन असायचे. "बोलेल गं, घाई काय आहे?" नणंद म्हणायची. "तुम्हीच लाडावून ठेवलंय." नणंदेच्या वरच्या दातांचा ब्रिज मुंगीच्या आईनेच बनवून दिला होता, फुकट. तो परत मागून घ्यावा असं तिला फार वाटायचं.

शेवटी एक थेरपिस्ट मिळाली. तीसुद्धा लॅबला काम देणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरच्या ओळखीच्या ओळखीतून. तिला सगळे ताईच म्हणायचे. ती दुपारी घरी यायची. आधी मुंगी कपाटामागे बसायची, मग कपाटाशेजारी, मग चक्क ताईसमोर. ताईने तिच्या कमरेच्या पट्ट्याला चित्रांची कार्डं अडकवून दिली. पाणी, नको, बास, मदत. 'पाणी' लवकर आलं. 'नको' तर त्याहून लवकर. 'मदत' मात्र काही केल्या येईना. ताई मुद्दाम डब्याचं झाकण घट्ट लावून द्यायची. मुंगी खटपट करायची, डबा आपटायची, किंचाळायची. ताई तिचा हात धरून कार्ड उचलायला लावायची. हात सोडला की कार्ड जागच्या जागी.

"येईल," ताई म्हणायची. "समोरच्या माणसाकडून आपल्याला काही मिळू शकतं, हे अजून तिला पटलेलं नाहीये."

आईला हे लागलं. इतकी वर्षं मी हिच्या मागे पळतेय ते मग काय, असं तिला विचारावंसं वाटलं. पण ताईचं खोटं नव्हतं.

आता राहिला पैशांचा प्रश्न. मुंगीचा बाप डिलिव्हरीची व्हॅन चालवायचा. ताईची महिन्याची फी म्हणजे त्याचा जवळजवळ सगळा पगार. ती बरीचशी विमा कंपनी भरायची, पण त्यासाठी अधूनमधून कंपनीच्या केंद्रात मुंगीची तपासणी व्हायची. मागच्या तपासणीला मुंगी खुर्चीवर शहाण्यासारखी बसली. आईची छाती अभिमानाने फुगली. थोड्याच दिवसांत पत्र आलं, की प्रगती समाधानकारक आहे, सबब तासांची संख्या निम्मी करण्यात येत आहे.

"बरं, मग प्रगती नाही झाली तर?" बापाने विचारलं.

"तर उपयोग होत नाही म्हणून पूर्ण बंद. तपासणीला भेटलेल्या एका बाईच्या मुलाचे तास तसेच बंद झालेत."

"म्हणजे यांना नेमकं कसलं पोर हवंय? अर्धवट सुधारलेलं?"

याचं उत्तर कंपनीच्या तपासणी केंद्रात, बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या आयांनी शोधून काढलं होतं. पोर सुधारतंय असं थेरपिस्टच्या अहवालात दिसू द्यायचं, आणि तपासणीच्या दिवशी मात्र ते सुधारलेलं दिसू द्यायचं नाही. एखादी भाजी कशी करायची ते सांगावं तशा त्या एकमेकींना सांगायच्या. रात्री जागवा. सकाळी खायला देऊ नका. नव्या सदऱ्याचं लेबल कापू नका, मानेला टोचू द्या. "तपासणीचा दिवस म्हणजे ओरडायचा दिवस," एक अनुभवी बाई म्हणाली होती. "रोज ओरडतातच ना? मग त्या दिवशीही ओरडू दे. यात खोटं काय आहे?"

ते ऐकून मुंगीची आई बाकावरून उठून गेली होती. पण उरलेले तासही गेले तर? ताई सोडून गेली तर पुन्हा ते फोन, पुन्हा ते संगीत. या वेळी तिने मुंगीला पोटभर झोपू दिलं, खायलाही घातलं. फक्त इमारतीत शिरताना तिच्या गळ्यातले हेडफोन काढून स्वतःच्या बॅगेत टाकले आणि चेन लावून घेतली.

तपासणीची खोली लहान होती. टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात खेळण्यांचा खोका. भिंतीपलीकडे स्वच्छतागृह, आणि त्यात हात वाळवायचं मशीन. मुंगीच्या आईला ते मागच्या वेळेपासून लक्षात होतं. तपासनीस बाई वयाने मोठ्या, चेहरा दमलेला, हातात पेन. त्या आईला घरच्या सवयींबद्दल एकेक प्रश्न विचारत होत्या. मुंगी भिंतीला खांदा लावून ठोकळे रांगेत मांडत होती.

मशीन घरघरलं.

मुंगीने दोन्ही हात कानांवर दाबले. तोंड उघडलं. आई ताठ बसली. ओरड, ती मनात म्हणाली. ओरड गं माझे बाई, एकदाच ओरड. स्वतःच्या लेकीच्या ओरडण्याची वाट बघायची वेळ आपल्यावर आली, याची तिला लाज वाटत होती, पण ती वाट बघत होती.

पलीकडे कुणीतरी पुन्हा बटण दाबलं. मुंगीने गळ्याशी चाचपडून पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग ती भिंतीच्या कडेने चालत दारापर्यंत आली, दारापासून टेबलापर्यंत आली आणि तिथे भिंत संपल्यावर क्षणभर थांबली. एक हात कानावरून काढून तिने कमरेचं एक कार्ड ओढून सोडवलं. भिंत सोडून दोन पावलं चालली आणि ते कार्ड आईच्या मांडीवर ठेवलं.

मदत.

आईने चेन उघडायला घेतली तर ती अडकली. झटका देऊन तिने बॅगेचं टोक फाडलं, हेडफोन काढून मुंगीच्या कानांवर बसवले आणि तिला पोटाशी धरलं. मुंगीला पोटाशी धरलेलं आवडायचं नाही. तिने लगेच 'बास'चं कार्ड दिलं आणि ठोकळ्यांकडे परत गेली.

"अरे वा!" तपासनीस बाई खरंच खूश झाल्या होत्या. "स्वतःहून मदत मागितली. कुणी न सांगता!" आणि त्यांनी कागदावर खूण केली. कुठल्या रकान्यात, ते आईला उलट्या बाजूनेही वाचता आलं.

"म्हणजे आता तास आणखी कमी?"

"निर्णय मी घेत नाही हो. पण गरज कमी झालेली दिसतेय, हे तर तुम्हीही मान्य कराल."

"मॅडम, मी कवळ्या बनवते," मुंगीची आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला इच्छा नव्हती. "माणूस कवळीने नीट चावायला लागला, म्हणून कुणी त्याच्या तोंडातली कवळी काढून नेतं का? आता चावता येतंय ना, मग कवळीची गरज संपली, असं म्हणतं का कुणी?"

बाईंनी कागदावरचे रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "हे लिहायला यात जागा नाही."

"मागची बाजू कोरी आहे."

"मागची बाजू कुणी वाचत नाही."

"तरी लिहा. आणि हेही लिहा, की हेडफोन माझ्याच बॅगेत होते. मीच लपवले होते. ती ओरडावी म्हणून."

बाईंनी पेन उचललं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं. "असं प्रत्येक आईचं लिहायला बसले," त्या म्हणाल्या, "तर माझी शाई पुरायची नाही." मग त्यांनी कागद उलटा केला आणि कवळीचं तेवढं लिहून घेतलं. ते कुणी वाचेल अशी आशा दोघींनाही नव्हती.

बाहेर फुटपाथवर येईपर्यंत बापाचा फोन आला. व्हॅन कुठेतरी कडेला लावलेली असावी, मागे हॉर्न वाजत होते.

"काय झालं? ओरडली का?"

"नाही."

"मग गेलंच म्हणायचं सगळं."

"तिने मदतीचं कार्ड दिलं."

पलीकडे व्हॅनची काच वर केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कुणी हात धरला होता?"

"कुणीच नाही."

"दिलं कुणाला?"

आईने वळून पाहिलं. मुंगी शेजारच्या भिंतीवरून बोट फिरवत उभी होती, कानांवर निळे हेडफोन, अगदी निवांत.

"मला," ती म्हणाली. "हेडफोन जिने लपवले होते, तिलाच."

त्याने नाक ओढल्याचं तिला ऐकू आलं.

"ऐक," ती म्हणाली, "तास गेले तर मी सुट्टीच्या दिवशीही लॅबमध्ये बसेन. तू फेऱ्या वाढव. परत सगळीकडे फोन करावे लागले तर करेन, त्या मेल्या संगीतासकट करेन. पण मी हिला पुन्हा कधी ओरडायला लावणार नाही."

फोन ठेवून तिने मदतीचं कार्ड बॅगेतून काढलं आणि मुंगीच्या पट्ट्याला पहिल्यासारखं अडकवून दिलं. मुंगीने ते लगेच काढलं, पुन्हा आईच्या हातात ठेवलं आणि पाय पुढे केला. बुटाची नाडी सुटली होती.