आकड्यांची बाजू

"आकडे आत घे," टायरवर वाकलेल्या धम्मपालच्या कानाशी शेठ पुटपुटले.

शहागंजातल्या या दुकानात एकोणीस वर्षं काढल्यावर त्याला याचा अर्थ विचारावा लागत नव्हता. टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनला ते चार आकड्यांत एकाच बाजूला छापलेलं असतं. जुना माल बसवायचा तर ती बाजू गाडीच्या आत जायला हवी. मग गिऱ्हाईकानं चाकापुढे लोटांगण घातलं तरी त्याला काही कळत नाही.

संध्याताई उकिडव्या बसून लेबल वाचत होत्या. पैठणजवळच्या शाळेत शिकवायच्या. चार बाया मिळून रोज त्यांच्याच गाडीनं जायच्या.

"पाच तारे आहेत. म्हणजे चांगलाच ना हो दादा?"

"तारे पेट्रोल किती वाचतं त्याचे असतात, ताई."

हे खरंच होतं. पण ते लेबल शेठनी सकाळी नव्या टायरवरून सोलून या जुन्यावर चिकटवलं होतं, हेही खरं होतं.

मेघाचं, धम्मपालच्या लेकीचं, नर्सिंगचं पहिलंच वर्ष होतं. पंचेचाळिशीतल्या माणसाला नवं काम कोण देणार? आपण बरं, आपलं काम बरं, असं म्हणत त्यानं आजवर कितीतरी आकडे आत घेतले होते. पण चार बाया, तापलेला पैठण रोड आणि हे टायर! त्याला भीती वाटली, आणि स्वतःची लाजही.

"ताई, इकडं या. हे आकडे वाचा. पयले दोन आठवडा, मागचे दोन साल."

"बावीस... एकोणीस. अहो, म्हणजे सहा वर्षं जुना?"

"व्हय."

शेठचं हसू कायम तयार असे. "गोदामात अदलाबदल झाली जी, मॅडम," म्हणत त्यांनी नवे टायर आणायला लावले. मग धम्मपालजवळ येऊन हळूच म्हणाले, "एवढी गाडी कर. उद्यापासून येऊ नको."

तरी धम्मपालनं चारही चाकं चढवली, नट आवळले, हवा दोनदा तपासली.

"पन्नास किलोमीटर झाले की नट परत आवळून घ्या, ताई. ढिले पडतात कधी कधी."

"उद्या इथंच येते. तुमच्याकडूनच करून घेईन."

"मी नाय उद्या," तो म्हणाला. "पण कोणी बी आवळून देतं. तुम्ही तेवढं विसरू नका."