झुंबरबाईची बिनइखाची कपाशी

"माझ्या कपाशीवर इख कोणाला इचारून मारलं वो भावजी?"

झुंबरबाई बांधावरूनच वरडली. मी नुकतीच शेजारच्या रानात तूर खुरपायला आल्ते. खुरपं टाकून पळाले. तिचा धाकटा दीर भुजंग पाठीवर पंप घेऊन सरीत उभा. भादव्याचं ऊन नुसतं भाजत होतं. ती सकाळीच डोळे दाखवायला अंबडला गेल्ती. येईस्तोवर त्यानं निम्मं रान फवारल्तं.

"वयनी, तुडतुड्यानं पानं पार लाल केल्ती. बघवंना. म्हणलं तुम्ही यायच्या आत उरकावं."

चार सालामागं तिचा मालक संपत अशीच फवारणी करून घरी आल्ता, अन् तिसऱ्या दिवशी गेला. तवापासून ह्या रानात तिनं इखाचा थेंब येऊ दिला न्हाई. युरिया मातर टाकायची. म्हणून सेंद्रियवाल्यांनी गटातून काढलं, अन् फवारणीवाले येडी म्हणायचे. ना इकडली, ना तिकडली. ती म्हणायची, "खत पिकाचं जेवण हाय. त्याला उपाशी बी ठिवणार न्हाई, अन् इख बी पाजणार न्हाई." निंबोळ्या कुटून त्याचं पाणी मारायची, बांधाला मका-चवळी लावायची. त्याच्यानं किडीला खाणारे ठिपक्याचे लाल किडे औंदा कुठं रानभर झाल्ते.

ती सरीत वाकली. काळ्या मातीत ते किडे उताणे पडल्ते. तिनं चार-पाच तळहातावर घेतले.

"चार सालं लागली वो ह्यांना यायला," म्हणाली अन् सरीतच बसली.

भुजंगनं बाहीनं तोंड पुसलं. बाही औषधानं वलीचिंब होती.

ते बघितलं अन् झुंबरबाई ताडकन उठली. "पंप उतरवा. जल्दी!"

हाताला धरून तिनं त्याला हौदावर नेलं. सदरा काढायला लावला, मी साबण आणला. बादलीवर बादली वतीत ती इचारत होती, "मळमळून राह्यलं का? अंधारी येती का? खरं सांगा."

"न्हाई वयनी. चुकलो मी." पन्नाशीचा बाप्या पोरावाणी रडला.

भुजंगला पुढं काही झालं न्हाई. तीर्थपुरीच्या डॉक्टरनं तपासून घरी लावून दिलं. पण हौदावर ती जे बोलली, ते माझ्या काळजातून जात न्हाई.

"त्या दिवशी त्यांना भूक लागल्ती, भावजी. मी आधी ताट वाढलं. आधी धुवायला पायजे होतं."

साबण कवाच निघून गेल्ता. ती पाणी वतीतच राह्यली.