मिसळणाच्या डब्यातली शाई

मित्रांनो, महिपतरावांचे पत्र गणपतीच्या आधी आले होते. दिवाळी उलटली, तरी त्याला उत्तर गेले नव्हते. आमचे गुणवंतराव ते पत्र रोज उघडत आणि पुटपुटत वाचत, म्हणून ते मलाही पाठ झाले आहे. 'गुणवंता, माझ्या डोळ्यांत काचबिंदू झाला आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात. आपण चौघे वज्रेश्वरीला गेलो होतो, तेव्हाचा मंदाचा पिवळ्या साडीतला फोटो तुझ्याकडे आहे. आता माझी मंदाही नाही. मला दिसते आहे तोवर त्याची मोठी प्रत पाठव.'

हे सांगणारा मी कोण, असे तुम्ही विचाराल. मी एक जुना मिसळणाचा डबा आहे. गोल, स्टीलचा, पोटात सात वाट्या असलेला. माझा जन्म इथलाच, भाईंदरच्या एका भांड्यांच्या कारखान्यातला. गिरगावची खोली सोडून इथे शांती नगरला बिऱ्हाड आले, तेव्हा गुणवंतरावांच्या पत्नी हंसाबाईंनी मला घेतले आणि दुकानातच माझ्या काठावर आपले नाव कोरून घेतले. पुढे कित्येक वर्षे मी ओट्यावर राज्य केले. हळद, तिखट, मोहरी, जिरे, सगळे माझ्या पोटात. मग सूनबाईने काचेच्या बरण्या आणल्या आणि मी माळ्यावर गेलो. माळ्यावरच्या भांड्याला कोणी वाईट म्हणत नाही. त्याला कोणी काहीच म्हणत नाही.

मला खाली उतरवले ते गुणवंतरावांनी. मुलगा पुण्याला जाताना आपला प्रिंटर मागे ठेवून गेला होता. त्याच्या कार्ट्रिजमध्ये घरच्या घरी शाई भरण्याचा छंद गुणवंतरावांना लागला. पण टेबलावर सिरिंजा घरंगळत, टोपणे हरवत, एकदा तर निळा ठिपका चहात पडला. तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. एका वाटीत काळ्या शाईची छोटी बाटली आणि तिची सिरिंज, पुढच्या वाटीत निळी, मग गुलाबी, मग पिवळी. उरलेल्या वाट्यांत टिश्यू, चिकटपट्टी आणि सुया. माझ्या काठावरच्या नावापासून उजवीकडे मोजत जायचे, हा त्यांचा नियम. बाटल्यांवरची नावे शाई सांडून पुसली होती आणि दाट शाई बाटलीत सगळी सारखीच काळपट दिसते. पण जागा ठरली की नाव कशाला, असे त्यांचे मत. पुस्तकांचे कपाटही त्यांनी असेच लावले होते. किती दिवसांनी मी पुन्हा कामाला आलो! मी सुखावलो.

मग त्यांनी मंदाबाईंचा फोटो छापला. साडी भडक गुलाबी निघाली आणि चौघांचे चेहरे गुलाल उधळल्यासारखे दिसू लागले. गुणवंतराव कागदाकडे बघत बसले. "हंसा," ते हळूच म्हणाले, "मंदाची साडी पिवळीच होती ना गं?"

"पिवळी हो! एवढ्या वर्षांनी तुम्हाला मंदाच्या साडीची काळजी?" हंसाबाई हसल्या. गुणवंतरावांचे कान लाल झाले.

त्यांनी कार्ट्रिज ओल्या टिश्यूवर टेकवले. पिवळ्याच्या जागी गुलाबी ओघळ उतरला. झाले, संशयाला पाय फुटले. शाई दिली होती खालच्या दुकानातल्या दिपेशने. त्याला वर बोलावले. गुणवंतरावांना थेट आरोप करायचा धीर होईना, म्हणून त्यांनी बाटली नाकाशी धरून वास घेतला.

"काका, शाई आहे ती, दूध नाही! नासली का बघताय?" दिपेश म्हणाला. "आपला माल एक नंबर. तुमचा प्रिंटरच बुढ्ढा झालाय. फोटो द्या ना इकडे, मी काढून देतो दोन मिनिटांत."

"नको, नको," गुणवंतराव म्हणाले. मित्राच्या बायकोचा फोटो परक्याच्या कॉम्प्युटरमध्ये! तो उगाच एवढा उत्साह का दाखवतो आहे, याचाही त्यांना संशय आला.

त्यांनी कार्ट्रिज टिश्यूवर टेकवून टेकवून साफ केले, नवघरहून दुसऱ्या दुकानाची शाई आणली, माझ्या वाट्या धुऊन हाताला येतील तशा परत बसवल्या आणि नियमाप्रमाणे शाई लावली. दुसऱ्या दिवशी भरली. पुन्हा गुलाबी साडी! आता दोन्ही दुकानदार आतून मिळालेले आहेत, अशी त्यांची खात्री झाली.

त्याच संध्याकाळी फोनवर बोलून हंसाबाई बाहेर आल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या. "महिपत भावजींचा फोन होता. एक डोळा गेला म्हणाले. फोटो निघाला का, विचारत होते. मी काय सांगू?"

गुणवंतरावांनी ते पत्र पुन्हा उघडले.

मित्रांनो, मला खरे ठाऊक होते. ते झोपले की दुपारी एक हात माझे झाकण काढी आणि वाट्यांची जागा बदली. तो हात हंसाबाईंचा होता. आणि लाज वाटते सांगायला, पण मलाही संशय आला. मला त्यांच्या ओट्यावरून शाईच्या टेबलावर नेले, त्याचा हा राग तर नसेल? की त्या हसतात मंदाबाईंच्या नावावर, पण आतून त्यांना हा फोटो जाऊच द्यायचा नाही?

गुणवंतरावांच्या मनातही तेच आले असावे. कारण दुसऱ्या दुपारी ते झोपले नाहीत. खुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले आणि खोटे घोरू लागले. हंसाबाई फडके घेऊन आल्या. लेकीशी फोनवर बोलत होत्या, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला. त्यांनी टेबल पुसले, मला उघडले, एकेक वाटी बाटलीसकट उचलून खालून पुसली आणि परत ठेवली. एकदाही माझ्याकडे पाहिले नाही.

वर्तमानपत्र खाली आले. "तूच!"

"अगं बाई!" हंसाबाईंच्या हातातले फडके पडले. "मेले ना मी घाबरून! काय झालं?"

"वाट्या का हलवल्यास?"

"हलवल्या कुठे? जागेवर ठेवल्या."

"कुठल्या जागेवर?"

"त्यांच्या. ही पोचा आलेली हळदीची. ती काठ वाकलेली तिखटाची. तुम्ही सगळ्या भलतीकडे ठेवता, मी रोज नीट करते."

गुणवंतरावांनी वाट्या हातात घेऊन निरखल्या. त्यांना त्या आजवर सारख्याच दिसत होत्या. माझ्याच पोटातल्या वाट्या, तरी मलाही कधी वाटले नव्हते की त्यांच्या हाताला त्या अशा वेगळ्या लागत असतील. गुणवंतरावांची गुलाबी शाई हळदीच्या वाटीत होती आणि पिवळी तिखटाच्या. बाईंनी वाट्या आपापल्या घरी पोचवल्या होत्या, एवढेच.

"मला वाटलं, तुला फोटो पाठवायचा नाही," ते खाली बघत म्हणाले.

"कमाल झाली! ती साडी मीच निवडली होती तिला. दिपेशलाही चोर केलंत, आता मला. विचारायचं ना तोंडानं!"

मग दोघे मिळून बसले. हंसाबाईंनी शिवणाच्या डब्यातून रंगीत दोरे काढले आणि प्रत्येक बाटलीच्या मानेला, प्रत्येक सिरिंजला तिच्या शाईच्या रंगाचा दोरा बांधला. आता वाटी कुठेही जावो. गुणवंतरावांनी कार्ट्रिज टिश्यूवर टेकवले, शाई शोषू दिली, पुन्हा टेकवले, भलत्या रंगाचे ओघळ पुरते थांबेपर्यंत. मग सावकाश, थेंब थेंब, शाई भरली. फोटो बाहेर सरकत आला तेव्हा दोघेही श्वास रोखून उभे होते. साडी पिवळी होती.

मित्रांनो, वस्तू नीट ठेवा, आणि ती कशाची आहे ते तिच्या अंगावरच खूण करून ठेवा. तुमची शिस्त तुमच्या डोक्यात असते, ती घरातल्या दुसऱ्याला दिसत नाही. आणि काही बिघडले, तर बाटल्यांचा वास घेत बसण्याआधी विचारून बघा. माझ्यासारख्या डब्याला बोलता येत नाही. तुम्हाला येते.

गुणवंतरावांनी त्याच दुपारी मोठ्या ठळक अक्षरांत उत्तर छापले, फोटो पुठ्ठ्यात घातला आणि पाकीट घेऊन बाहेर पडले. बराच वेळ आले नाहीत.

"टाकलं का?" दार उघडताच हंसाबाईंनी विचारले.

"टाकलं," ते म्हणाले. त्यांच्या मनगटाला गंज आणि लाल रंग लागला होता. "टपालपेटीच्या फटीत हात घालून पाहिलं. अडकलं नाही. गेलंय खाली."