समोरच्या घराची पाटी

मी पाटी बोलतेय. डब्लिनच्या टॅलो गल्लीत, नऊ नंबरच्या घरावर, मॅलकीच्या पबच्या दाराशेजारी असते मी. ओतीव काशाची, चार स्क्रूंनी ठोकलेली. 'क्रांतिकारक कोर्मक डेव्हिन यांनी येथे नोकरी केली,' एवढंच माझं म्हणणं. वर तेच आयरिशमध्येही कोरलंय, पण ते कुणी वाचत नाही. ज्यांना येतं तेही नाही.

खरं सांगू? थकले हो मी. चाळीस वर्षं एकच वाक्य, आणि तेही खोटं!

ओतणाऱ्या कारागिराने माझं अक्षर न् अक्षर बोटाने चाचपून पाहिलं होतं. अक्षरांत काही चूक नाही. चूक भिंतीची आहे.

त्याचं असं झालं. डेव्हिन बियाण्यांच्या व्यापाऱ्याकडे कारकून होता आणि ती कचेरी नऊ नंबरात होती, हे सोळा आणे खरं. पण इंग्रज गेले, गल्ल्यांची नावं बदलली, त्या भरात घरांचे नंबरही नव्याने पडले. जुना नऊ म्हणजे आताचा बावीस, बरोब्बर समोर, जिथे कपडे धुण्याचं दुकान आहे. स्मारक समितीतल्या शहाण्यांनी नंबर जुन्या कागदातला घेतला आणि दार नवं.

अनावरणाला पाऊस होता. पडद्याची दोरी अडकलेली. समितीचे अध्यक्ष बोलत असताना गर्दीतून एक बाई ओरडली, "अहो, तो इथे नव्हताच! समोर होता!"

"बाई, भाषण चाललंय."

"चालू दे की! माझे वडील त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. इंग्रजांचे सोजीर त्याला धरायला आले तेव्हा त्यांनीच जिन्यात आडवं होऊन वाट अडवली, म्हणून तुमचा डेव्हिन छपरावरून पळाला. दोन वर्षं तुरुंगात गेली त्यांची, आणि एक पाय जन्माचा अधू झाला."

लोक हसले. ही अट्रॅक्टा गेगन. बापाचं नाव कोरा, असं ती कधी म्हणाली नाही. पाटी खऱ्या दारावर लागावी, वाचणाऱ्याने मान वर करून तो जिना बघावा, एवढंच तिचं मागणं होतं. मरायच्या आत.

ती दर वर्षी समितीला पत्र लिहायची. दर वर्षी उत्तर यायचं की विचार चालू आहे. मॅलकीला तर मी हलायलाच नको होते. मला बघायला येणारे प्रवासी त्याच्याकडेच घसा ओला करायचे.

"अगं, वीस पावलांचा तर फरक," तो म्हणायचा. "देशासाठी मेलेल्या माणसाला वीस पावलं काय जड?"

"त्याला नाहीत रे. तुला आहेत."

असं भांडून ती त्याच्याच पबात खिडकीपाशी चहा पीत बसायची. ईस्टरला मात्र फडकं घेऊन माझ्यापाशी यायची. "खोटं बोलणारीने निदान तोंड तरी धुवावं," म्हणून खसाखसा पुसायची. मग हळूच म्हणायची, "तुझा काय दोष गं." मेलं, ते ऐकलं की मला जास्तच लाज वाटायची.

या फेब्रुवारीत ती गेली. आमच्याकडे शववाहिनी दफनाला जाताना माणसाच्या जिव्हाळ्याच्या दाराशी मिनिटभर थांबते. मॅलकीने पडदे ओढले, टाय बांधला, गिऱ्हाइकांना माझ्याखाली रांगेत उभं केलं. "चाळीस वर्षं इथे बसली बिचारी," तो म्हणाला. "आपल्याच दाराशी थांबेल."

गाडीपुढे उंच टोपीवाला माणूस चालत होता. तो माझ्यापर्यंत आला आणि आमच्याकडे पाठ करून बावीस नंबरासमोर त्याने टोपी काढली. गाडी थांबली.

"मावशीने तसं लिहून ठेवलं होतं," मागून चालणारी भाची म्हणाली.

मॅलकीचा चेहरा पडला. मग टोपी काढून तो रस्ता ओलांडून गेला आणि त्या जिन्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे सगळा पब गेला. दुकानातल्या बाईने यंत्रं बंद केली. अख्ख्या गल्लीची पाठ माझ्याकडे होती. मला इतकं बरं याआधी कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅलकीने स्वतःच समितीला पत्र लिहिलं. उत्तर आलंय. विचार चालू आहे.

तर मी अजून इथेच आहे, तेच बरळत. तुम्ही कधी या गल्लीत आलात तर मला वाचा, नाही असं नाही. पण वाचून झालं की माझ्याकडे पाठ करा. समोर एक जिना आहे, त्याच्याकडे मिनिटभर बघा. अट्रॅक्टाचा बाप तिथे आडवा पडला होता.